तिसऱ्या खोलीची किंमत

नमस्कार काकू,

मी ३६ वर्षांची आहे. वाकडला भाड्याच्या टू बीएचकेमध्ये राहतो, भाडं २८ हजार. नवरा हिंजवडीला आयटीत, मी वाकडमधल्याच एका शाळेत शिक्षिका. मुलगी सात वर्षांची, माझ्याच शाळेत. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख ५५ हजार हातात येतात. बचत ३० लाख. सासू-सासरे कऱ्हाडजवळ गावी असतात, पण वर्षातले पाच-सहा महिने आमच्याकडे. सासऱ्यांचे गुडघे गेलेत.

आता घर घ्यायचं ठरवलंय. किवळ्याला एका मोठ्या प्रोजेक्टमध्ये थ्री बीएचके पाहिला. ८८० फूट कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा), करारनाम्याची किंमत १ कोटी ५ लाख, ताबा तीन वर्षांनी. दुसरा वाकडमध्येच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, १२ वर्षं जुन्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरचा रिसेलचा टू बीएचके. कार्पेट ७४०, मालक ८० लाख म्हणतोय. नवऱ्याचं मन थ्री बीएचकेवर आहे. तो म्हणतो, आता सगळे थ्रीच घेतात, टू बीएचके उद्या कोणी विचारणार नाही. पैसे कमी पडतात तर सासरे गावची सव्वा एकर विकायला तयार आहेत. चॅनेल पार्टनरचा (बिल्डरची घरं विकणाऱ्या एजंटचा) रोज फोन येतो की पाडव्यानंतर फुटामागे ३०० रुपये वाढणार. आणि माझा भाऊ म्हणतो, थांबा, भाव पडणार आहेत. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?

— वाकडची एक गोंधळलेली

•

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली. नवरा, सासरे, भाऊ, चॅनेल पार्टनर, सगळ्यांना काय वाटतं ते तुम्ही लिहिलंत. तुम्हाला स्वतःला कोणतं घर आवडलं ते कुठेच नाही. पण 'आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून' हे शब्द तुम्ही आवर्जून लिहिलेत, त्यावरून माझा काहीएक अंदाज झाला.

मी २६ वर्षं बँकेच्या गृहकर्ज विभागात काढली. माझ्या टेबलासमोर बसलेल्या माणसांकडून एक शिकले: घराच्या बाबतीत लोक किमतीला घाबरत नाहीत, मागे राहून जाण्याला घाबरतात. 'सगळे थ्रीच घेतात' या वाक्यात तीच भीती आहे. म्हणून आधी त्या 'सगळ्यां'कडेच पाहू.

लोकांना मोठी घरं हवीत हे खरंच आहे. २०२० च्या टाळेबंदीत दोघं दोन लॅपटॉपवर, मूल तिसऱ्या स्क्रीनवर आणि आजी-आजोबा हॉलमध्ये, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर एक जास्तीची खोली ही चैन राहिली नाही. त्याच सप्टेंबरात राज्य सरकारने मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत २ टक्क्यांवर आणलं, पुढचे तीन महिने ते ३ टक्के होतं, रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ टक्क्यांवर होता, आणि दुय्यम निबंधक कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. मागणी होती, पैसा स्वस्त होता.

पण नाण्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. मोठी घरं जास्त विकली जातात, कारण मोठी घरंच जास्त बांधली जातात. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी आहे आणि 'परवडणाऱ्या' घरावर १ टक्का. परवडणारं म्हणजे ४५ लाखांच्या आतलं. तेव्हा ठरवलेली ही मर्यादा नंतर हलली नाही. जमीन, स्टील, मजुरी मात्र कुठल्या कुठे गेली. वाकड, बाणेर, बालेवाडीत ४५ लाखांत नवं घर बांधून विकणं बिल्डरला जमत नाही, म्हणून त्याने तो वर्ग सोडलाच. त्याच जमिनीवर महाग घर विकलं तर फायदा जास्त. त्यामुळे ज्यांना खरं तर आटोपशीर, नीट टू बीएचके हवा होता अशी हजारो कुटुंबं एकतर थ्रीकडे ढकलली गेली किंवा भाड्याने राहिली. उद्या तुमचा टू बीएचके कोणी विचारणार नाही, असं तुमच्या नवऱ्याला वाटतं. मला उलट वाटतं. शाळा, दवाखाना, भाजी चालत्या अंतरावर असलेल्या वाकडच्या सोसायटीतला टू बीएचके नव्याने फारसा तयारच होणार नाही. तुमच्यासारखी तरुण कुटुंबं मात्र दरवर्षी हिंजवडीत येतच राहणार.

आता पैशांकडे. कागद-पेन घेऊन बसा, नवऱ्यालाही बसवा.

किवळ्याच्या फ्लॅटची किंमत १ कोटी ५ लाख नाही. त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे सव्वापाच लाख, पिंपरी-चिंचवड हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ७ लाख ३५ हजार, नोंदणी फी ३० हजार. झाले १ कोटी १८ लाख. यात पार्किंगचे, क्लबहाउसचे, दोन वर्षांच्या आगाऊ मेंटेनन्सचे पैसे धरलेले नाहीत. सेल्स ऑफिसात 'ऑल इन्क्लुसिव्ह' म्हटलं की त्यात नेमकं काय येतं ते लेखी मागा. ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे इथे ७८ लाख ७५ हजार. उरलेले ३९ लाख तुमचे. ३० आहेत, ९ कमी पडतात, तिथे सासऱ्यांची जमीन येते.

८ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर हप्ता होतो ६५ हजार ९०० च्या आसपास. बांधकाम चालू असताना तो पूर्ण नसतो, स्लॅबगणिक पैसे सुटतात तसा वाढत जातो. पण ताब्याआधीच्या शेवटच्या वर्षात जवळपास पूर्ण हप्ता आणि २८ हजार भाडं (ते तरी २८ च राहणार आहे का?) मिळून दरमहा ९४ हजार जातील. हातात ६१ उरले. त्यात शाळेची फी, गाडी, किराणा, गावच्या फेऱ्या, सासऱ्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया. आणि बचत शून्य, कारण ती तुम्ही आधीच घालून बसलात.

वाकडचं घर: ८० लाख. जुनं घर म्हणून जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार, एजंटचा १ टक्का ८० हजार, सोसायटीची हस्तांतर रक्कम (ती २५ हजारांच्या वर घेता येत नाही), आणि रंग, प्लंबिंग, स्वयंपाकघराचा ओटा यासाठी ३ लाख. साधारण ९० लाख. इथे ८० टक्के कर्ज मिळू शकतं, म्हणजे ६४ लाख. तुमचे २६ लाख गेले, ४ लाख हातात राहिले, जमीन जागच्या जागी. हप्ता ५३ हजार ५०० आणि मेंटेनन्स. भाडं पहिल्या दिवसापासून बंद.

दोन घरांच्या खर्चात २८ लाखांचं अंतर आहे आणि कार्पेटमध्ये १४० फुटांचं. २८ लाखांना १४० ने भागा. त्या जास्तीच्या जागेसाठी तुम्ही फुटाला २० हजार रुपये मोजताय, आणि किवळ्याचा दर पावणेबारा-बारा हजार आहे म्हणून खूश होताय. वर जास्तीच्या कर्जाचं २० वर्षांतलं सुमारे १५ लाख व्याज आणि तीन वर्षांचं १० लाख भाडं. तिसरी खोली ५० लाखांच्या पुढे गेली. मोजपट्टी घेऊन जा आणि त्या खोलीत बेड, कपाट आणि दार उघडायची जागा बसते का ते पाहा. सॅम्पल फ्लॅटमध्ये पुष्कळदा फर्निचर लहान मापाचं बनवून ठेवलेलं असतं आणि खोल्यांना दारं लावलेली नसतात. मी हे कितीतरी ठिकाणी डोळ्यांनी पाहिलंय.

एक गोष्ट किवळ्याच्या बाजूने सांगते, नाहीतर अन्याय होईल. इमारत नवी असेल, वाकडची १२ वर्षं जुनी आहे. लिफ्ट, गळती, रंग यांचा खर्च तुमच्या वाट्याला लवकर येईल. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यानुसार नव्या इमारतीतल्या बांधकामाच्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरवर असते, ती सोय जुन्या घरात नाही. आणि किवळे वाढणारा भाग आहे, एक्स्प्रेस-वेच्या तोंडाशी आहे, तिथे दर वाढतीलही. पण तुम्ही तिथे राहणार आहात. रोज सकाळी तुम्ही आणि लेक वाकडला, नवरा हिंजवडीला. पुनावळे आणि ताथवड्याचे ते भुयारी रस्ते पावसाळ्यात आठ वाजता कसे असतात ते तुम्हाला वाकडमध्ये राहून माहीत असेलच. आज तुम्ही पायी दहा मिनिटांत शाळेत पोचता. ते सुख कुठल्याच ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं, म्हणून त्याची किंमत शून्य धरली जाते.

मेट्रोवर विसंबून निर्णय घेऊ नका, हेही सांगून ठेवते. हिंजवडी-शिवाजीनगर मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं; २३ किलोमीटर, २३ स्थानकं. तेव्हापासून त्या पट्ट्यातल्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत 'मेट्रोपासून पाच मिनिटं' आलं आणि दरात मिसळलंही. सहा वर्षं उलटली तरी लोक त्याच रस्त्याच्या कोंडीत उभे होते. शिवाय तो मार्ग वाकड चौकातून जातो, किवळ्यातून जात नाही. जे आज डोळ्यांसमोर चालू आहे त्याचेच पैसे द्या.

घरांचे भाव पडतील का, हा तुमच्या भावाचा प्रश्न. पुण्यातले दर मी १९९० च्या दशकापासून पाहतेय. आपल्याकडे घरांचे भाव पडत नाहीत, साचतात. २०१४ ते २०२० या काळात पुण्याच्या बऱ्याच उपनगरांत ते जवळजवळ जागच्या जागी होते. महागाई वाढत होती, पगार वाढत होते, म्हणजे खऱ्या अर्थाने घरं स्वस्त झाली, पण दरपत्रकावरचा आकडा कोणी खाली आणला नाही. बिल्डर आकडा कमी करत नाही, कारण आधी घेतलेले लोक दारात येऊन उभे राहतील. त्याऐवजी तो मॉड्युलर किचन देतो, मुद्रांक शुल्क स्वतः भरतो, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जास्तीचे पैसे) सोडतो, एसी लावून देतो. मंदी असली की या भेटींची यादी लांबते. म्हणून भाव पडण्याची वाट पाहणारा भाऊ आणि भाव वाढण्याची भीती घालणारा चॅनेल पार्टनर, दोघांनाही थोडं बाजूला ठेवा.

खरा भाव कळायची सोय आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात याचं मला वाईट वाटतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च नावाची मोफत सुविधा आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकतीचा किंवा सर्व्हे क्रमांक टाकला की झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो, ती पाहता येते. कोणत्या इमारतीत, किती क्षेत्रफळाचं घर, प्रत्यक्ष किती मोबदल्याला विकलं गेलं, सगळं असतं. वाकडच्या त्या सोसायटीत गेल्या दीड-दोन वर्षांत झालेले व्यवहार शोधा. मालक ८० म्हणतोय. शेजारचा फ्लॅट ७४ ला गेल्याचं दिसलं तर तुमच्या हातात बोलायला काहीतरी येतं. किवळ्याच्या प्रोजेक्टचेही काढा. पाडव्याला ३०० वाढणार म्हणतात ना, मग गेल्या दसऱ्याला, त्याआधीच्या पाडव्यालाही वाढले असतील. वाढले का, ते तिथे लिहिलेलं आहे.

व्याजदराबद्दल थोडंच. २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची नवी बदलत्या व्याजाची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो ४ वरून साडेसहावर गेला, आणि २०२५ मध्ये परत सव्वा टक्का खाली आला. वाढताना माझ्याकडे लोक येऊन सांगायचे, हप्ता तेवढाच आहे, काही झालं नाही. कर्जाची मुदत पाहिली की वीसची सत्तावीस वर्षं झालेली असायची. म्हणून हप्ता ठरवताना आजच्या दराने ठरवू नका, एक टक्का वाढवून पाहा. किवळ्याचा हप्ता ९ टक्क्यांना ७० हजार ८०० होतो. आयटीत नोकरकपातीच्या बातम्या तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहताय. एकाच्या पगारावर सहा महिने घर चालेल एवढी रक्कम बाजूला हवी, आणि ती वाकडच्या पर्यायातही फक्त ४ लाख आहे, म्हणजे पहिलं वर्ष तिथेही जपूनच. करबचतीचं गणित कोणी मांडलं तर त्याला विचारा, तुमचा नवरा कोणत्या करप्रणालीत आहे. नव्या प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांची वजावट मिळत नाही.

आता जमीन. इथे मी जरा कठोर बोलणार आहे.

सासरे तयार आहेत म्हणजे त्यांच्या मनात मुलाला कमी पडू नये हे आहे. पण सव्वा एकर विकून १४० फूट घ्यायचे का? महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. कूळकायद्याने तशी अट आहे. तुमच्या सासऱ्यांकडे एवढाच एक सातबारा असेल आणि तो गेला, तर पुढे तुमच्या नवऱ्याला शेतकरी म्हणून जमीन घेणं कठीण होऊन बसेल. ही दारं एकदा बंद झाली की सहसा उघडत नाहीत. दुसरं, तुम्हाला नणंद आहे का? पत्रात उल्लेख नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते आणखी स्पष्ट केलंय. तिला न विचारता ही जमीन विकायची आणि पैसा भावाच्या फ्लॅटमध्ये घालायचा, हे कायद्यात अडकेलच, पण त्याआधी भाऊबीजेला अडकेल. आणि तिने आनंदाने सही केली तरी मी म्हणेन, विकू नका. सासऱ्यांना वर्षातले सहा महिने जिथे जावंसं वाटतं ती जागा आहे ती.

माझं स्वतःचं सांगते. आम्ही २००९ मध्ये शहराच्या कडेला एक फ्लॅट बुक केला, दोन वर्षांत ताबा मिळणार होता. कर्ज विभागात काम करणारी मी, मला सगळं कळतं असा माझा समज. ताबा मिळाला २०१५ मध्ये. सहा वर्षं भाडंही भरलं आणि व्याजही. मुलाची बारावी आम्ही तिसऱ्या भाड्याच्या घरात काढली. परीक्षेच्या महिन्यात घरमालकाने जागा खाली करायला सांगितली होती. त्या काळात रेरा नव्हता. पैसे कुठे गेले हे विचारायची सोय नव्हती. घर शेवटी चांगलंच मिळालं, आजही त्यातच राहते, पण ज्या वर्षांसाठी ते घेतलं होतं ती वर्षं भाड्याच्या घरांत गेली. तुमची मुलगी सात वर्षांची आहे. तिच्या सात ते दहा या वर्षांचा हिशोब मी वर केला नाही, तो तुम्हीच मांडा.

आज रेरा आहे, आणि किवळ्याचंच ठरलं तर त्याचा पुरेपूर उपयोग करा. महारेराच्या, म्हणजे तो कायदा राबवणाऱ्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला तरी तिथेच पोचाल. ताब्याची जी तारीख सेल्सवाला तोंडी सांगतो ती विसरा, तिथे जी जाहीर केली आहे ती पाहा. माझ्या पाहण्यात ती अनेकदा वर्ष-दीड वर्ष पुढची निघाली आहे, आणि कायद्याने मोजली जाते तीच. ती उलटली तर व्याजासह परतावा किंवा ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागायचा हक्क तुम्हाला आहे. किती घरं विकली गेली, किती काम झालं, दर तिमाहीची माहिती भरली आहे का, जमिनीवर दावे आहेत का, हेही तिथे कळतं. किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याआधी देऊ नका. बिल्डरला ती घेताच येत नाही. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचं बंधन आहे, त्यामुळे पूर्वीसारखा एका प्रकल्पाचा पैसा दुसरीकडे वळवणं अवघड झालंय. तरी हातात घर येईपर्यंत जीव टांगणीला असतोच.

मला विचाराल तर वाकडचं घ्या. पण ते तपासून.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला हरकत नाही असा पालिकेचा दाखला, आहे का? नसेल तर तिथेच थांबा, कितीही स्वस्तात मिळत असलं तरी. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स झालंय का? अनेक सोसायट्यांचं झालेलं नसतं. त्यामुळे व्यवहार मोडायची गरज नाही, मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरने करून दिलं नाही तरी सरकारी आदेशाने जमीन नावावर करून घ्यायचा) मार्ग असतो, पण सोसायटीने अर्ज तरी केलाय का हे सचिवांना विचारा आणि भावात धरा. पहिल्या करारापासूनची सगळी मूळ कागदपत्रं, शेअर सर्टिफिकेट, मालकाचं कर्ज असेल तर बँकेचं पत्र, हे वकिलाकडून तपासून घ्या. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने मालकाला पैसे देताना १ टक्का टीडीएस तुम्हालाच कापून भरावा लागेल. लोक हे विसरतात आणि मग नोटीस आली की तोंडचं पाणी पळतं. मुद्रांक शुल्क करारनाम्याची किंमत किंवा रेडीरेकनर (सरकारने ठरवलेली किंमत), यात जे जास्त त्यावर लागतं, तेही आधीच काढून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं पाणी. आपल्या भागात लोक क्लबहाउस पाहून घर घेतात आणि टँकर पाहून पस्तावतात. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन एप्रिल आणि मे महिन्याची टँकरची बिलं मागा. वार्षिक सभेत मंजूर झालेले हिशोब मागा, त्यात टँकर हा खर्च वेगळा दाखवलेला असतो. द्यायला टाळाटाळ केली तर त्याच गेटवर सुरक्षा रक्षकाला विचारा, दिवसाला किती टँकर आत येतात. तो खरं सांगतो. लिफ्टला जनरेटर बॅकअप आहे का? चौथा मजला आणि सासऱ्यांचे गुडघे, त्यामुळे हा प्रश्न तुमच्यासाठी बाकीच्या दहा प्रश्नांच्या आधी येतो. पार्किंग कोणतं, हे मालकाच्या करारात पाहा. उघड्या जागेतलं पार्किंग बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच म्हटलंय; ते सोसायटी ठरवते. तेव्हा मालकाने 'पार्किंगसह' म्हटलं तर सोसायटीचं पत्र मागा.

एक पैसे वाचवायची गोष्ट. महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ८० लाखांवर ८० हजार. दोघांच्या नावावर घेतलं की ती मिळत नाही. कर्ज दोघांनी मिळून घ्यायचं असेल तर बँक मालकीबद्दल काय म्हणते ते आधी विचारा. पण नवऱ्यासमोर हा विषय ८० हजारांसाठी काढू नका. तुमच्या मनात नाव असावंसं वाटत असेल तर तसंच म्हणा.

आता तुमच्या नवऱ्याशी बोलायचं कसं. मला वाटतं त्याला थ्री बीएचके नकोच आहे; आईवडिलांना स्वतःची खोली द्यायची आहे. सासरे हॉलमधल्या दिवाणावर झोपतात का? रात्री बाथरूमला जाताना चाचपडतात का? ते त्याला दिसत असेल आणि खुपत असेल. ही इच्छा चांगली आहे, तिला हप्त्याच्या आकड्यांनी गप्प करू नका. त्याला म्हणा, आईबाबांसाठी आत्ता, या वर्षी काय करता येईल ते ठरवू. वाकडच्या घरातली बाथरूमला लागून असलेली खोली त्यांची. आत पकडायला दांडे, उंच कमोड, न घसरणाऱ्या फरश्या, हे त्या ३ लाखांतच होतं. लेक सहा महिने आजीजवळ झोपेल. सात वर्षांच्या मुलीला ते आवडतं. तेरा-चौदाची झाली की तिला वेगळी खोली लागेल, ते खरं. तोपर्यंत कर्जातला काही भाग फिटलेला असेल, पगार वाढलेले असतील, तेव्हा हे विकून मोठं घेता येईल. बदलत्या व्याजाच्या कर्जावर मुदतीआधी फेड केली तर दंड लागत नाही, त्यामुळे बोनस आला की थोडं थोडं भरत राहा.

आणि वाकडच्या घरात पाण्याचं किंवा कागदांचं काही निघालं, तर सोडून द्या. भाड्याच्या घरात आणखी एक वर्ष राहिलात तर काही बिघडत नाही. तुम्ही शाळेजवळ आहात, बचत वाढते आहे, आणि पाडवा दरवर्षी येतो.

या रविवारी सकाळी सासू-सासरे आले असतील तर त्यांना घेऊन ते घर पाहायला जा. मोजपट्टी न्या. सासऱ्यांना लिफ्टपासून दारापर्यंत चालू द्या, घाई करू नका, आणि सासूबाईंना स्वयंपाकघराच्या खिडकीशी थोडा वेळ उभं राहू द्या. नवऱ्याने त्या दोघांकडे पाहावं. टँकरची बिलं मिळाली की मला कळवा.